जुन्या वळणाचे अक्षर निवडताना

दुकानाच्या पाटीसाठी जुन्या धाटणीचा नक्षीदार फाँट शोधण्याआधी बेळगावच्या खडेबाजारातून एकदा पायी फिरून, रंगाऱ्यांनी हाताने काढलेल्या ज्या मराठी-कन्नड पाट्या अजून उरल्या आहेत, त्या नीट पाहाव्यात. देवनागरीचे वळण बोरूच्या तिरक्या कापातून आले असून तिची जाड-बारीक रेघ रोमन अक्षराच्या उलट दिशेला झुकते; म्हणून इंग्रजी लफ्फेदार फाँटची शेपटी जोडली की ‘श्री’सुद्धा परकी दिसू लागते. मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला ‘यात्रा वन’ हा फाँट मथळ्याला शोभतो, मजकुराला नव्हे. मी आखलेल्या पहिल्या लग्नपत्रिकेत मी पत्ताही लफ्फेदार अक्षरात घातला होता. पाहुणे वाट चुकले. छपाईपूर्वी ‘क्ष’, ‘ऱ्या’ आणि ‘ट्ठ’ ही जोडाक्षरे नीट उमटतात का, हे मात्र आवर्जून टाइप करून पाहावे.