वाचवलेल्या कबुतराच्या पंखांत उवा झाल्यात, घरच्या घरी काय करावं? घरात लहान मूल आहे, त्याला होतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. नाही होत. कबुतराची ऊ पिसं खाऊन जगते, माणसाच्या केसात तिला खायला काही नाही, तिथे ती अंडी घालत नाही, आणि पक्ष्याच्या अंगावरून खाली पडली की थोड्या दिवसांत मरून जाते. तुमच्या घरात कोणी "बाळाला होतील, आधी ते कबूतर बाहेर काढ" म्हणत असेल तर त्यांना हे मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या वेळी मला असं वाचून दाखवायला काही मिळालं नव्हतं.

२०१९ ची संक्रांत, आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. गच्चीवर टाकीच्या मागे एक पारवा पडलेला, उजव्या पंखात नायलॉनचा मांजा इतका आत गेलेला की कात्रीचं टोक घालायला जागा नव्हती. (नायलॉन मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी दर जानेवारीत हेच.) डॉक्टरांनी टाके घातले, पंख अंगाशी धरून टेप लावली आणि दोन आठवडे असंच ठेवा म्हणाले. टेप निघाली त्या दिवशी मी पंख उघडून खिडकीच्या उजेडासमोर धरला तर मोठ्या पिसांच्या तंतूंमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळपट रेघा, दोन-अडीच मिलिमीटरच्या, आणि बोट जवळ नेलं की त्या रेघा सरकायच्या. डाव्या पंखात चार-पाच सापडल्या. उजव्यात मोजताच येईनात.

हा फरक नीट लक्षात घ्या, कारण पावडर कुठली ते सगळे विचारतात, उवा का वाढल्या ते कोणी विचारत नाही. पक्षी दिवसभर चोचीने पिसं साफ करत असतो. कबुतराच्या वरच्या चोचीचं टोक खालच्या चोचीपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे आलेलं असतं, त्या टोकावर दाबून तो ऊ चिरडतो. शास्त्रज्ञांनी तेवढंच टोक कापून बघितलं तर त्या कबुतरांच्या अंगावर उवा भराभर वाढल्या. थोड्याफार उवा धडधाकट पारव्याच्याही अंगावर असतात. माझ्या पारव्याचा एक पंख बांधलेला होता, तिथे चोच पोचत नव्हती. म्हणून तुम्ही आधी त्याची चोच बघा, तुटलीय का, वाकडी आहे का, तो अशक्त होऊन नुसता बसून असतो का. ते तसंच राहिलं तर उवा परत परत होत राहणार.

आता तेलाचं. मी ऑफिसला गेलेले असताना आमच्या भाऊजींनी त्याच्या दोन्ही पंखांना करंजाचं तेल चोळलं, गुरांना लावतात ना, मग याला काय होतंय म्हणाले. संध्याकाळी येऊन बघते तर पिसं केसांसारखी चिकटलेली, मान आत ओढून खोक्याच्या कोपऱ्यात नुसता थरथरत होता. निफाडकडच्या थंडीबद्दल मी वेगळं सांगायला नको. पिसं एकमेकांत अडकून जो कोरडा थर तयार होतो त्यानेच पक्षी ऊब धरतो, तेलाने तोच थर मोडतो. कडुनिंबाचं तेलही नको आणि खोबरेलही नको. रॉकेल, तंबाखूचं पाणी, डांबरगोळ्या हे तर विष आहे. मी त्याला कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब टाकून मान वर धरून धुतलं, दोन वेळा साध्या कोमट पाण्यातून काढलं आणि रात्रभर खोक्याच्या एका बाजूला टेबललॅम्प लावून बसले. एकाच बाजूला लावायचा, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येतं. दोन दिवसांनी परत धुवावं लागलं तेव्हा कुठे तेल गेलं.

मग डॉक्टरांकडून पक्ष्यांसाठीची पर्मेथ्रिनची पावडर आणली. कुत्र्याची आणू नका, त्यातल्या काहींत पक्ष्यांना न झेपणारी औषधं असतात. बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून, त्याचं डोकं हाताने झाकून पंखांखाली, शेपटीच्या मुळाशी आणि पाठीवर चिमूट-चिमूट टाकायची, पिसांच्या उलट दिशेने बोटं फिरवून आत जाऊ द्यायची, जास्तीची झटकायची. जखमेवर नाही. लिखा याने मरत नाहीत, म्हणून दहा-बारा दिवसांनी परत. खोक्यातला पेपर रोज बदला, उथळ ताटात अंघोळीचं पाणी द्या, ऊन दाखवा. एवढं पुरतं.

आणि इथेच खरं भांडण सुरू झालं. दुसऱ्यांदा पावडर टाकून झाली त्याच आठवड्यात माझ्या मुलीच्या डोक्यात उवा निघाल्या, ती तेव्हा दुसरीत होती, आणि घरात एका मिनिटात निकाल लागला की कबुतराच्याच. सासूबाईंनी तिची गादी बाहेर टाकली. भाऊजी म्हणाले, घर आहे का ढाबळ? मी आधीच काढून ठेवलेली पारव्याची ऊ आणि पोरीच्या फणीतून निघालेली ऊ पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवून भिंग दिलं. डोक्यातली आखूड, करडी, पायांना नख्या, पोटात रक्ताचा तांबूस ठिपका. पंखातली लांबट, सुईसारखी. आंधळ्यालाही कळेल इतका फरक होता. सासूबाई बघायला उठल्या नाहीत, भाऊजींनी कागद चुरगळून टाकला. चार दिवसांनी मी पारव्याला गच्चीवरून सोडलं, उजवा पंख अजून अर्धाच उचलत होता, तो शेजारच्या छज्जापर्यंत कसाबसा गेला, दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता. मुलीच्या उवा पारवा गेल्यावरही दोन महिने राहिल्या, तिच्या बाकावरच्या दोघी मुलींनाही होत्या. आजपर्यंत आमच्याकडे कोणी म्हटलेलं नाही की तेव्हा चुकलं.

म्हणून तुम्हाला सांगते, पंख पूर्ण उचलून खोलीत नीट फिरेपर्यंत कोणाच्याही बोलण्यावरून सोडू नका.

हां, काही गोष्टी मात्र खऱ्या आहेत, त्या नाकारू नका. पिसांची पांढरी पूड आणि सुकलेली विष्ठा यांनी काहींना फुप्फुसाचा त्रास होतो, २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तेव्हा वाद त्याचाच होता, उवांचा नव्हे. घरात कोणाला दमा असेल तर पक्षी बाळाच्या खोलीत मुळीच नको, बंद बाल्कनीत ठेवा आणि विष्ठा ओली करून पुसा. मांजर असेल तर पर्मेथ्रिन तिच्या अंगाला लागता कामा नये, मांजरांना ते विषारी आहे. आणि रात्री टॉर्चने बघितल्यावर खोक्याच्या फटीत टाचणीच्या डोक्याएवढे तांबडे किडे दिसले तर त्या उवा नाहीत, ते रक्त पिणारे किडे आहेत, माणसालाही चावतात, तेव्हा खोकं जाळून टाका आणि डॉक्टर गाठा. पिसांत तिरकी पळणारी चपटी माशी दिसली तरी तेच.

पावडर आज टाकलीत तर दुसऱ्या वेळेची तारीख आत्ताच कालनिर्णयवर लिहून ठेवा, तोपर्यंत उवा दिसेनाशा होतात आणि हमखास विसरायला होतं.