सोलापुरात रोज चालवायला मजा येईल अशी सेकंडहँड सेडान कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की बजेट ५ लाख, रोज सोलापूर-मोहोळ जाऊन येऊन ७० किमीच्या आसपास, सेडानच पाहिजे आणि चालवायला मजा आली पाहिजे, तर सगळ्यात जास्त पॉवर म्हणून वेर्ना डिझेल घेऊ का. दादा, मी गेली ६ वर्षं जुळे सोलापुरातनं तुळजापूरला नोकरीला जातो, रोजचे शंभरेक किलोमीटर होतात, आणि दोन्ही गाड्या सेकंडहँडच घेतल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो, नुसती पॉवर बघून गाडी घेऊ नका. ह्युंदाई वेर्नाचं १.६ डिझेल १२८ पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनची ताकद, हॉर्सपॉवरसारखीच) आहे, ओव्हरटेकला दणकून पळते यात वादच नाही, पण २०११ ला आलेली फ्लुइडिक वेर्ना मी मित्राची बऱ्याचदा चालवलीय, १०० च्या पुढं स्टिअरिंग हलकं पडतं आणि मागनं गाडी तरंगल्यासारखी वाटते (२०१७ ची नवी वेर्ना त्या मानानं पुष्कळ सुधारलीय, तुमच्या बजेटमध्ये चांगली मिळाली तर जरूर बघा). रोजच्या गाडीची मजा म्हणजे पुढची चाकं काय करतायत ते हाताला कळलं पाहिजे, गिअर नेमका पडला पाहिजे, आणि सेकंड-थर्डला पाय दिला की गाडी लगेच निघाली पाहिजे. ही मजा ५०-६० च्या स्पीडला पण येते, आणि रोज तर आपण त्याच स्पीडला असतो की.

माझ्याकडं आत्ता फोक्सवॅगन व्हेंटो १.६ पेट्रोल मॅन्युअल आहे, १०५ पीएस, टर्बो नाही काही नाही, एकदम साधं इंजिन. तामलवाडीचा टोल सोडला की रस्ता मोकळा होतो आणि पुढं तुळजापूरच्या घाटात थर्डला टाकून एकेक वळण घेताना ही गाडी जी रस्ता धरून बसते ना, दिवसभराचा शीण तिथंच जातो. अ‍ॅव्हरेज १४ च्या आसपास पडतं, ते मला चालतंय. हिचीच बहीण स्कोडा रॅपिड, तेच १.६ इंजिन, त्यामुळं दोन्हीपैकी जी चांगल्या कंडिशनची मिळेल ती. फक्त या दोन गाड्यांच्या दुसऱ्या इंजिनांबरोबर येणारं ७-स्पीड डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ५ लाखात मोहात पाडणारं दिसलं तरी थांबा, त्याचा ड्राय क्लच ट्रॅफिकमध्ये तापतो आणि मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) गेलं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. जुन्या गाडीत मॅन्युअलच घ्या.

होंडा सिटीचं इंजिन मात्र मला व्हेंटोपेक्षा जास्त आवडतं, १.५ आयव्हीटेक ११९ पीएस, जितकं ताणाल तितकं गोड पळतं, गिअर तर लोण्यासारखा. पण सस्पेन्शन मऊ, चारजण बसले की आपल्याकडच्या स्पीडब्रेकरला खालनं घासायची भीती. मारुती सिआझ आरामाची गाडी, पार्ट कुठंही मिळतात, घरचे खूष राहतील, पण तुम्ही मजा विचारलीय म्हणून ती मागं ठेवतो. फियाटची लिनिया टी-जेट आणि फोर्डची जुनी फिएस्टा १.६ या दोन्हीचं स्टिअरिंग अजून कुठल्या सेडानला आलं नाही असं माझं मत, पण फियाट इथनं गेली, फोर्डनं २०२१ ला इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, आणि फिएस्टा तर आता १५ वर्षांच्या पुढं म्हणजे आरसी रिन्यू करायचा व्याप. रोज ७० किमीला हीच एक गाडी असेल तर नको, एखादा पार्ट यायला आठ दिवस लागले तर मोहोळला एसटीनं जावं लागेल.

आता मॉडेलपेक्षा महत्त्वाचं, तुम्ही बघताय ती नेमकी गाडी कशी आहे ते. माझी पहिली सेडान मी एका डीलरकडनं घेतली, मीटरला ४८ हजार दिसत होते, सीट चकाचक, पॉलिश मारलेलं. चार महिन्यात क्लच गेला. नंतर डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदांच्या मागं सर्व्हिसचं जुनं बिल सापडलं, त्यावर किलोमीटर १ लाख १२ हजार. म्हणजे मीटर मागं फिरवलेलं. तेव्हापासनं मी आधी शोरूमची सर्व्हिस हिस्ट्री मागतो, ती नाही म्हटलं की तिथनंच परत.

गाडी बघायला सकाळी एकदा जा, इंजिन गार असताना स्टार्ट करून आवाज ऐका, आणि मग दुपारी परत जा. हे सोलापूर आहे, मे महिन्यात ४२-४३ डिग्री असतं, एसी फुल लावून सात रस्त्याच्या गर्दीत वीस मिनिटं फिरवा आणि टेंपरेचर बघा, रेडिएटर-फॅनचा प्रॉब्लेम असला तर तिथंच दिसतो. नंतर खराब रस्त्यावर हळू घ्या, काच खाली करून, टकटक आवाज आला तर सस्पेन्शनचं काम, म्हणजे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश (रबर), नाहीतर शॉकअप. शॉकअप गेलेली कितीही भारी सेडान असू द्या, मजा शून्य. टायरवरचे चार आकडे वाचा, ०८१८ म्हणजे २०१८ चा आठवा आठवडा, नक्षी चांगली दिसली तरी असला टायर बदलायचाच.

एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आहे का ते नक्की बघा. एप्रिल २०१९ पासनं ते सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं, त्याआधीच्या बेस मॉडेलला नसू शकतं. ऊसाच्या सीझनला रात्री बिनलाईटची ट्रॉली अचानक पुढं दिसते, तेव्हा ते लागतंच.

आणि एक, आपल्याकडं केए-२८, केए-३२ पासिंगच्या गाड्या स्वस्तात येतात, विजापूर-कलबुर्गीच्या. तिकडच्या आरटीओची एनओसी, त्यासाठीचा फॉर्म २८, मग इथं परत रोड टॅक्स, सगळं धरून हिशोब करा, बऱ्याचदा एमएच-१३ चीच स्वस्त पडते. लोन बाकी आहे का ते आरसीवर बघा, असेल तर बँकेचं फॉर्म ३५ (लोन फिटल्याचा कागद) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

५ लाखातले साडेचारच गाडीला घाला. ५० हजार टायर, बेल्ट, ऑइल, कूलंट, बुश यालाच जातात, माझ्या व्हेंटोला पहिल्या महिन्यात ४२ गेले आणि त्यानंतर ती खरी चालायला लागली. दोन-तीन गाड्या फायनल झाल्या की वर्ष आणि किलोमीटर इथं टाका, मी बघून सांगतो.