जीवाश्म तेच, निष्कर्ष दोन

प्रश्न : डायनोसॉर लघुग्रहाच्या आघाताने संपले की दख्खनच्या ज्वालामुखींमुळे, या वादात शास्त्रज्ञ एकमेकांवर अतिशय कठोर टीका करतात असे वाचले. पुरावा सर्वांसमोर असताना असे का व्हावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ही कटुता खरी आहे. १९८० मध्ये लुईस अल्वारेझ, त्यांचे भूशास्त्रज्ञ पुत्र वॉल्टर आणि दोन सहकाऱ्यांनी इटलीतील गुब्बिओच्या मातीच्या थरातील जादा इरिडियमवरून (हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, पण लघुग्रहांत पुष्कळ असतो) आघाताचा सिद्धान्त मांडला. नोबेल पारितोषिक मिळवलेल्या लुईस यांनी १९८८ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञांची तुलना टपालतिकिटे जमवणाऱ्यांशी केली. हे बोलणे मला अन्याय्य वाटते, कारण विनाश अचानक झाला की हळूहळू, हे ठरवण्याचा पुरावा त्यांनी जमवलेल्या जीवाश्मांतच होता.

मात्र तो पुरावा सर्वांना सारखा दिसत नव्हता. ट्युनिशियातील एल केफ येथील फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांच्या अनेक जाती आघाताच्या थराआधीच लोपल्या, असे पुराजीवशास्त्रज्ञ गेर्टा केलर म्हणत. भूशास्त्रज्ञ यान स्मिट यांना त्या जाती त्या थरापर्यंत टिकलेल्या दिसत. तेव्हा भूशास्त्रज्ञ रॉबर्ट गिन्सबर्ग यांनी नमुन्यांवरील खुणा काढून ते चार तज्ज्ञांना तपासायला दिले. कोणता नमुना कोणत्या पातळीवरचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. निकाल आल्यावर दोन्ही पक्षांनी तो आपल्याच बाजूचा असल्याचे सांगितले. एकेका तज्ज्ञाच्या यादीत काही जाती आधीच संपलेल्या दिसत होत्या, तर चौघांच्या याद्या एकत्र केल्यावर त्यांतल्या बहुतेक थराजवळ सापडत होत्या. दुर्मीळ जातीचा शेवटचा जीवाश्म तिच्या खऱ्या अंतापूर्वीचाच सापडण्याची शक्यता जास्त असते, ही अडचण त्यामागे होती. म्हणून यात अप्रामाणिकपणा शोधू नये, असे मला वाटते. तरीही कोणता निकाल आला तर आपण माघार घेऊ, हे दोघांकडूनही आधी लिहून घ्यायला हवे होते.

२०१० मध्ये ४१ शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतील चिक्शुलुबचा आघातच कारण असल्याचे एकत्रितपणे लिहिले, तेव्हा त्याच नियतकालिकात इतरांची विरोधी पत्रे छापली गेली. पुढे २०१९ मध्ये दख्खनच्या लाव्हाच्या वयाविषयीचे दोन शोधनिबंध एकाच अंकात आले. एका गटाने प्रवाहांच्या मधल्या थरांतील झिरकॉन या खनिजाचे युरेनियम-शिसे पद्धतीने, दुसऱ्याने लाव्हाचेच आर्गॉन पद्धतीने वय काढले; दोन्ही पद्धती किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या क्षयावरून वय मोजतात. पहिल्याला आघाताच्या काही दशसहस्र वर्षे आधी मोठा उद्रेक सुरू झालेला दिसला. दुसऱ्याला बहुतेक लाव्हा आघातानंतर आलेला दिसला.