दुसरं बाळंतपण मिडवाइफकडे, वेदनाशामक न घेता करायचं आहे. पहिल्या वेळी एपिड्युरल घेतलं होतं. दुखणं कितपत असतं आणि तयारी काय करू?

ताईला हे उत्तर दिसलं तर दिसू दे. तीन वर्षं आमच्यात हाच वाद चालू आहे, आज एकदाचं लिहूनच टाकते.

माझी मोठी बहीण भूलतज्ज्ञ आहे. बाळंतिणीच्या कंबरेत एपिड्युरलची, म्हणजे बारीक नळीतून कळा बधिर करणारं औषध सोडायची, सुई घालणं हे तिचं रोजचं काम, आणि तिचा हात चांगला आहे असं सगळे म्हणतात. पहिल्या वेळी मी तिच्याच आग्रहावरून एपिड्युरल घेतलं. दिलं तिच्या एका सहकाऱ्यानं. माझी डावी बाजू बधिर झाली, उजवी टक्क जागी. होतं असं कधीकधी, औषध एकीकडे जास्त पसरतं. त्यांनी मला कुशीवर वळवलं, नळी किंचित मागे घेतली, थोडा फरक पडला. माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. दहा तासांत खोलीत किती माणसं येऊन गेली याची मोजदाद नाही, आणि एकानंही आपण कोण ते सांगितलं नाही. आतून तपासायचे, आकडा एकमेकांना सांगायचे, जायचे. शेवटी उताणं झोपवून ‘जोर लावा, जोर लावा’. जोर नेमका कुठे लावायचा तेच मला कळत नव्हतं. मग व्हॅक्यूम लावून बाळ ओढलं. मग टाके.

‘बाळ सुखरूप आहे ना? मग झालं तर,’ हे ताईचं वाक्य. बाळ सुखरूप होतं म्हणूनच मला बोलायची सोय उरली नाही.

दुसऱ्या वेळी मी मिडवाइफ निवडल्या. दाई नव्हे, रीतसर शिकलेल्या, बाळंतपण हाच पेशा असलेल्या दोघी. एक पन्नाशीची, एक माझ्याहून लहान. कक्ष हॉस्पिटलच्या आवारातच, ऑपरेशन थिएटर एक मजला वर. ताईला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग तिनं राणी व्हिक्टोरिया काढली. ही तिची ठेवणीतली गोष्ट आहे: 1853 साली खुद्द राणीनं बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला आणि मग बायकांच्या वेदना कमी करण्याला प्रतिष्ठा आली. मी म्हटलं, ते तिचं आठवं बाळंतपण होतं, माझं दुसरंच आहे, सहा शिल्लक आहेत. दोन आठवडे ती माझ्याशी धड बोलली नाही. तिच्या कामाचा मी अपमान केला असं तिला वाटलं. थोडासा केलाही असेल.

आता तुमचा प्रश्न. दुखतं. पहिल्या वेळी एपिड्युरल घेतलेल्या बाईला आपल्याला कळांची कल्पना आहे असं वाटतं. ती नसते. कळ कंबरेतून निघते, पुढे ओटीपोटापर्यंत पट्टा आवळल्यासारखी येते, मिनिटभर टिकते आणि सोडते. सोडते म्हणजे पूर्ण सोडते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन कळांमधल्या त्या दोन-तीन मिनिटांत मला चक्क डुलकी लागायची.

रात्री अकराला सुरुवात झाली. मोठ्याला आजीपाशी झोपवलं आणि दोन वाजता आम्ही पोचलो तेव्हा गर्भपिशवीचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींप्रमाणे खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरतात, आणि दुसरेपणाला तो सहसा दहा तासांच्या आत आटोपतो. माझा दोन तासांतच आटोपला. त्या रात्री आतून तपासणी एकदाच झाली. बाळाचे ठोके मात्र हातातल्या डॉपलरनं दर पंधरा मिनिटांनी, शेवटी तर दर पाच मिनिटांनी. मोठी मिडवाइफ बहुतेक वेळ काही करतच नव्हती. कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती. हे ‘काही न करणं’ मला किती पुरलं ते सांगता येत नाही. ती उठून गेली नाही, एवढंच.

ताई आली होती. येऊ नकोस म्हटलं होतं, तरी आली आणि दारात हाताची घडी घालून उभी राहिली. मोठ्या मिडवाइफनं तिला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्हाला कंबर चांगली कळते ना? मग या इकडे. कळ आली की मुठीनं दाबायचं.’ आणि ताईनं दाबलं. ज्या कंबरेत ती एरवी सुई घालते तिच्याच चार बोटं खाली, माकडहाडाच्या वर, दोन्ही मुठींनी, सव्वा तास. नवरा पाणी देत होता आणि मधूनमधून ‘छान, छान’ म्हणत होता. त्याला गप्प बसवावं लागलं.

वादाचं मूळ पुढे आहे. चार वाजता मला हुडहुडी भरली, उलटी झाली आणि मी ओरडले, ‘ताई, बास! दे ती सुई!’

हे अगदी ठरल्यासारखं होतं. पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या बेतात असताना बऱ्याच जणींना कापरं भरतं, मळमळतं, आणि आता आपल्याच्यानं होत नाही असं वाटतं. मोठ्या मिडवाइफनं मला हे सातव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं आणि विचारलं होतं, ‘तेव्हा तू मागशील. द्यायचं का?’ आम्ही एक शब्द ठरवला. छत्री. मी कितीही ओरडले तरी सुई नाही, पण ‘छत्री’ म्हटलं तर एकही प्रश्न न विचारता वरच्या मजल्यावर. माझ्या कागदावर तसं लिहूनही ठेवलं होतं. मी छत्री म्हटलं नाही. मिडवाइफ म्हणाली, ‘अजून दोन कळा बघू.’ तिसऱ्या कळेला मला संडासला लागल्यासारखं झालं. मुलगी येत होती.

ताईचं म्हणणं: मागितलं होतंस आणि दिलं नाही. वेदनेत असलेल्या बाईनं ‘हवं’ म्हटलं की तेच खरं, सातव्या महिन्यात गारव्याला बसून ठरवलेलं नव्हे. मी म्हणते, शब्द माझा होता, तोंड माझं होतं, मला छत्री म्हणता येत होतं. ती म्हणते, त्या अवस्थेत कुणाला छत्री आठवते? मला आठवत होती, ताई. म्हणूनच म्हटली नाही. आणि पहिल्या वेळी मी ‘पुन्हा तपासू नका’ असं शुद्धीत, स्पष्ट शब्दांत म्हटलं होतं, ते कुणी ऐकलं होतं? त्या ‘नको’साठी तुझ्यासारखं कुणी भांडलं नाही.

असो. बाळ ओणवं होऊन झालं, गुडघ्यांवर, पलंगाच्या कठड्याला धरून. खाली गरम पाण्यानं भिजवलेलं कापड दाबून धरलं होतं. डोकं टेकलं तेव्हा ‘आता जोर नको, नुसती फुंकर घाल’ असं मिडवाइफ म्हणाली. ती जळजळ वेगळीच असते, तिला मी सौम्य म्हणणार नाही. चार पंचवीसला मुलगी. वार पडावी आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घेतलं, ते घ्याच, त्याचा वेदनेशी संबंध नाही. नाळ लगेच कापली नाही, मिनिटभर तरी थांबतातच. दोन टाके पडले, आणि त्याआधी जागा बधिर करायची सुई मी आनंदानं घेतली. ताई तेवढ्यावर खूप हसली.

तयारी म्हणाल तर मी विशेष काही केलं नाही. श्वासाचे व्यायाम शिकले होते, ऐन वेळी एकही आठवला नाही. मी गुरासारखी हंबरत होते आणि त्यानं बरं वाटत होतं. नवरा मात्र सगळ्यांना ‘हिनं तोंडातून आवाज काढला नाही’ असं कौतुकानं सांगत फिरतो. धादांत खोटं. तुम्ही ओरडा. गरम पाण्याचा शॉवर कमरेवर घ्या, उताणं झोपू नका, आणि आपल्यासोबत सबंध वेळ कोण असणार याची खात्री आधी करा. बाकी पिशवी भरणं वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

हे आधीच लिहायला हवं होतं: माझं सगळं सरळ होतं. आधी सिझेरियन झालेलं असेल, जुळी असतील, बाळ पायाळू असेल, रक्तदाब किंवा साखर वाढलेली असेल, हिमोग्लोबिन फार कमी असेल, मागच्या वेळी खूप रक्त गेलं असेल तर डॉक्टरांशिवाय या वाटेला जाऊ नका. सरळ असलं तरी बेत बदलू शकतो. 2011 साली इंग्लंडमधला 64 हजारांहून जास्त कमी जोखमीच्या बाळंतपणांचा अभ्यास आला होता. त्यात मिडवाइफकडे बाळंतपण ठरवलेल्या दुसरेपणाच्या बायकांमध्ये बाळांचा धोका वाढलेला दिसला नाही, पण साधारण दहातल्या एकीला मध्येच किंवा लगेच नंतर डॉक्टरांच्या विभागात हलवावं लागलं. पहिलटकरणींमध्ये तर शंभरातल्या 36 ते 45 जणींना.

आणि एपिड्युरलबद्दल ताईच्या बाजूनं एवढं मान्य करते: वेदना थांबवायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, त्यानं सिझेरियन वाढत नाही, आणि चिमटा-व्हॅक्यूम वाढतो म्हणतात तेही हल्लीच्या कमी मात्रेच्या औषधाला लागू पडताना दिसत नाही. म्हणजे माझ्या व्हॅक्यूमचं खापर मी त्याच्यावर फोडू शकत नाही. फोडत होते, दोन वर्षं.

एक राहिलं, आणि हे खरंच कुणी सांगत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर बाळाला अंगावर घेतलं की गर्भपिशवी आकसते आणि पुन्हा कळा येतात, पहिल्या बाळंतपणानंतर येतात त्यापेक्षा पुष्कळ जोरात. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी चुटुचुटु पीत होती आणि मी दात-ओठ खात होते. मिडवाइफनं आयबुप्रोफेन लिहून दिलं होतं, पाकीट ताईच्या हातात. मी म्हटलं, ‘दे लवकर.’

तिनं पाकीट पाठीमागे धरलं. ‘आधी छत्री म्हण.’

म्हटलं.