मुलाखतीतला ‘म्हणजे’ कोणाचा?

वाहिनीवरील मुलाखतीचे शब्दांकन करताना निवेदकाच्या तोंडी वारंवार येणारा ‘म्हणजे’ ही बोलण्याची लकब समजून गाळावा का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

माझ्या मते तो मुळीच गाळू नये. पाहुण्याचा ‘म्हणजे’ बहुधा स्वतःच्याच बोलण्याचा खुलासा करतो किंवा शब्द सुचेपर्यंतची जागा भरतो. ‘म्हणजे, कसं सांगू…’ यातला तो काढला तरी फारसे बिघडत नाही. निवेदक मात्र त्याच शब्दाने दुसऱ्याच्या बोलण्याचा अर्थ लावतो, आणि हा अधिकार मुलाखतीत दोघांकडे सारखा नसतो. घरच्या गप्पांत ऐकणारा ‘हो का?’, ‘बरं’ असे हुंकार भरतो. मुलाखत घेणारा ते सहसा टाळतो, कारण उत्तर प्रेक्षकांसाठी असते. समाजशास्त्रज्ञ जॉन हेरिटेज यांनी १९८५ मध्ये बातम्यांतील मुलाखतींचे विश्लेषण करताना हे दाखवले आणि उत्तराचा सारांश पाहुण्यापुढे परत ठेवण्याच्या निवेदकांच्या पद्धतीचाही विचार केला. आपला ‘म्हणजे’ नेमका त्या सारांशाच्या दाराशी उभा असतो.

याचे ठळक उदाहरण इंग्रजीतले आहे. जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोर न्यूजवर कॅथी न्यूमन यांनी कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉर्डन पीटरसन यांची मुलाखत घेतली, तेव्हा ‘म्हणजे तुमचं म्हणणं असं की…’ या अर्थाची सुरुवात इतक्या वेळा आली की पुढे तीच त्या मुलाखतीची ओळख ठरली. उतरंड ही केवळ पाश्चात्त्य पुरुषसत्तेची निर्मिती नाही, हे सांगताना पीटरसन यांनी शेवंडांचा (लॉबस्टर) दाखला दिला, कारण त्यांच्यातही उतरंड असते. त्यावर, समाजाची रचना शेवंडांप्रमाणे करावी असे तुम्ही म्हणता आहात, असा अर्थ त्यांच्यापुढे आला. असा अर्थ खोडण्यात पाहुण्याचा वेळ जातो आणि खोडला नाही तर तो मान्य असल्यासारखे दिसते. तरी पारडे एकाच बाजूला राहिले नाही. सत्य शोधताना समोरच्याला दुखावण्याचा धोका तुम्हीही आत्ता पत्करताच आहात, असे पीटरसन म्हणाले, तेव्हा न्यूमन काही क्षण निरुत्तर झाल्या.

मराठीत हे अधिकाराचे माप वाक्यरचनेतच उमटते, म्हणून मला ते जपून ठेवण्याजोगे वाटते. पक्षाच्या प्रवक्त्याला ‘म्हणजे तुम्ही हे मान्य करताय!’ असे ऐकवले जाते. त्यात ‘का’ नाही, म्हणजे प्रश्नाची खूणही उरलेली नाही. ‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं ना?’ यातला ‘ना’ होकार गृहीतच धरतो. समोर मोठा नेता असेल तर तेच वाक्य ‘म्हणजे असं म्हणता येईल का, की…’ असे होते: कर्ता नाहीसा होतो, ‘का’ परत येतो आणि कर्ता ठेवलाच तर ‘तुम्ही’च्या जागी पुष्कळदा ‘आपण’ येते. पाहुण्याचा प्रतिकारही ऐकण्यासारखा असतो. ‘माझं वाक्य पूर्ण होऊ द्या’ यात रोष कितीही असला तरी ‘द्या’ हे क्रियापद परवानगी मागणाऱ्याचेच आहे. ‘मी असं म्हटलेलंच नाही’ हे वाक्य मात्र लावलेला अर्थ थेट परतवते.

तेव्हा शब्दांकनात निवेदकाचा ‘म्हणजे’, त्यानंतरचा ‘का’ किंवा ‘ना’ आणि सर्वनाम जसेच्या तसे ठेवावे. त्यावर उत्तर देण्याआधीच पाहुण्याला थांबवून पुढचा प्रश्न विचारला गेला असेल, तर कंसात तशी नोंद करावी; नाहीतर निवेदकाने काढलेला अर्थ छापील मजकुरात पाहुण्याच्या नावावर जमा होतो.