ठाण्याला नदी नाही, मग जुने ठाणेकर पोहायला कुठे शिकले?

तुम्ही विचारलंय की पुण्या-नाशिककडची माणसं नदीवरच्या डोहांच्या आठवणी सांगतात, तसं ठाण्यात काही होतं का. होतं. आमची नदी म्हणजे खाडी. घोडबंदरच्या अंगाला उल्हास येते, पण तीही इथवर येईतो खाडीच झालेली असते. तलाव पुष्कळ होते आणि तिथे डुंबणारी मुलंही होती. ज्याच्या घराजवळ जे पाणी, त्यात तो पडायचा. मी खाडीकाठच्या चेंदणीत वाढले, म्हणून 1964 च्या सुमाराला खाडीत शिकले.

मुलीनं खाडीत उतरायचं म्हणजे तेव्हा घरात वाद. तो मिटवला आमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या कोळीण आजीनं. टोपली उतरवता उतरवता ती आईला म्हणाली, "बाय, पान्याशेजारी रातेस नि पोरीला पानी शिकवत नाय?" पुढच्या आठवड्यापासून तिच्या नातवंडांबरोबर मीही. पाठीला वाळका भोपळा काथ्यानं बांधलेला, आणि काठावर आजी बसलेली. भोपळा एवढा हलका की तो आपल्याला वर ओढतो आहे असंच वाटायचं. महिनाभरानं तिनं एके दिवशी गाठ मुद्दाम सैल ठेवली. भोपळा सुटून तरंगत गेला आणि मी त्याच्या मागं हात मारत गेले. तो हाती लागल्यावर लक्षात आलं की मी पोहत आले होते.

नदीच्या डोहात कधीही उतरता येतं. खाडीत तसं नाही. ओहोटीला तिथे पाणी नसतंच, मांडीपर्यंत चिखल असतो, त्यात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारतात आणि कालवांच्या कडा तळपाय कापतात. म्हणून पोहण्याच्या आधी पंचांग यायचं. आजीला अक्षर येत नव्हतं, पण हिशेब पक्का: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण भरण्याची वेळ. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. ठाणं खाडीच्या पार वरच्या टोकाला, म्हणून इथे पाणी त्याहून थोडं उशिरा भरतं, तेवढं ती वर मिळवायची. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, ओढ जोराची, तेव्हा लहान मुलांना मज्जाव. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, पाणी शांत, शिकायला उत्तम. पाणी भरलं की घटकाभर थांबतं, मग फिरतं. ते फिरलं की आजीची हाक यायची, "पानी फिरला, भायेर या!" त्या हाकेनंतर एकही मूल आत राहत नसे. सूर मारायच्या तयारीत असलेला मुलगासुद्धा मागं फिरायचा.

घरी लपवायची सोयच नव्हती. हातावर नख ओढलं की मिठाची पांढरी रेघ उठायची. आई दारातच हात धरून बघायची आणि विहिरीवर पाठवायची.

आता हे का उरलं नाही, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. 1962 पासून वागळे इस्टेट उभी राहिली, पलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याला रसायनांचे कारखाने आले, वस्ती वाढली, 1982 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. या सगळ्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं खाडीतच उतरलं. आम्हाला ते कुठल्या अहवालातून कळलं नाही. आधी अंगाला खाज सुटायला लागली. मग एक दिवस आईनं बोईट मासा चिरला आणि नाक मुरडून बाजूला ठेवला, त्याला रॉकेलचा वास येत होता. आजी दुसऱ्या दिवशी पैसे परत द्यायला आली तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं. त्या उन्हाळ्यानंतर आमचं पोहणं बंद झालं. पुढे गाळ साचत गेला, तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, पसरली. खाडीचा काही भाग आज फ्लेमिंगोंसाठी राखीव आहे आणि 2022 पासून तो पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण पक्ष्यांसाठी जपलेल्या पाण्यात माणसाचं मूल उतरू शकत नाही, हे मला अजून सलतं.

तुम्ही हे वाचून तिथे पोहायला जाऊ नका, चिखल आणि पाणी दोन्ही घातक आहेत. मुलांना तरणतलावातच शिकवा, पण शिकवाच. पावसाळ्यात येऊरच्या ओढ्यांवर आणि उपवन तलावात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात, तेव्हा मला दर वेळी काठावर बसलेली ती आजी आठवते. पाण्याला कुंपण घालतो आपण, पण हाक मारणारं कुणी बसवत नाही.

माझी नात कळव्याला राहते. तिच्याकडे जाताना लोकल खाडीवरच्या पुलावर आली की मी अजून तिथी मोजते. गेल्या आठवड्यात षष्ठी होती. गाडी सव्वापाचला पुलावर आली, आणि तिवरांच्या पानांपर्यंत पाणी भरलेलं होतं.