काँगोतील शांतिसेना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : काँगोत संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना १९९९पासून आहे. तरीही जानेवारी २०२५मध्ये एम-२३ या बंडखोर गटाने गोमा शहर घेतलेच. मग तिचा उपयोग काय?

उत्तर : शांतिसेनेची मूळ कल्पना झालेला समझोता राखण्याची आहे, शत्रूला हरवण्याची नव्हे. पूर्व काँगोत शंभराहून अधिक सशस्त्र गट वावरतात आणि तिथे राखावा असा समझोताच टिकत नाही. एम-२३ हे नावच २३ मार्च २००९ रोजी झालेल्या कराराचे आहे. सरकारने तो पाळला नाही, अशी तक्रार करत लष्करात सामावून घेतलेले जुने बंडखोर २०१२मध्ये पुन्हा फुटले.

प्रश्न : सैनिकांना लढण्याचा अधिकारच का देत नाहीत?

उत्तर : तो दिला होता. नोव्हेंबर २०१२मध्ये शांतिसैनिक शहरात असतानाही गोमा पडले. त्यावर टीकेची झोड उठल्यावर, मार्च २०१३मध्ये सुरक्षा परिषदेने दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी यांच्या तुकड्यांची आक्रमक ब्रिगेड मंजूर केली आणि नोव्हेंबरपर्यंत एम-२३चा पराभव झाला. मात्र याचे श्रेय एकट्या ब्रिगेडला देणे मला पटत नाही. त्या वेळी काँगोचे लष्करही नेटाने लढत होते आणि एम-२३ला साथ दिल्याच्या आरोपावरून देणगीदार देशांनी मदत रोखल्यामुळे शेजारच्या रवांडावर दबाव होता. २०२१च्या अखेरीस बंडखोर परतले, तेव्हा तसा दबाव उरला नव्हता. रवांडाचे सैनिक त्यांच्या बाजूने लढत असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञांनी नोंदवले. रवांडा मात्र आरोप फेटाळत आला. सीमेपलीकडून रसद आणि माणसे मिळणाऱ्या गटाला कोणती ब्रिगेड संपवणार? शिवाय एप्रिल २०२४पासून रुबाया येथील कोल्टानच्या (मोबाइलसारख्या उपकरणांत लागणाऱ्या खनिजाच्या) खाणी एम-२३च्या ताब्यात असून, त्याच तज्ज्ञांच्या अंदाजानुसार तेथील करातून त्याला दरमहा किमान ८ लाख डॉलर मिळत होते.

प्रश्न : भारतीय जवानांनाही धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो केवळ बंडखोरांकडून नाही. जुलै २०२२मध्ये बुटेंबो येथे सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले, ते शांतिसेनेवर चिडलेल्या निदर्शकांच्या हल्ल्यात.

प्रश्न : मग सेना परत का बोलावत नाहीत?

उत्तर : काँगो सरकारच्याच मागणीवरून जून २०२४मध्ये ती पूर्वेकडील दक्षिण किवू प्रांतातून बाहेर पडली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तेथील बुकावू शहर एम-२३च्या हाती पडले. यावरून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण गोमात सेना असूनही ते शहर वाचले नाही. मात्र गोमा पडल्यावर शस्त्रे टाकलेल्या काँगोली सैनिकांना आसरा मिळाला, तो शांतिसेनेच्याच तळांवर.